सड्यावर तीन हजार मिमी पाऊस तरी उघडा कातळ, माणात पाचशे आणि तिथेही उघडा माळ, हे कसं काय?

सडेकर_राजापूर (धागाकर्ता) · १४ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली कारण घरात भांडण झालंय आणि भांडणाचं कारण माती आहे.

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, आमचा दीड एकराचा तुकडा आहे, आजोबांपासून गुरं सोडायची जागा. दोन वर्षांमागे मी तिथे हापूसची कलमं लावायची ठरवली. जेसीबी लावला, गवत, करवंदीच्या जाळ्या, दोन वारुळं सगळं खरवडून काढलं, मधले खोलगट भाग भरून घेतले, जागा अशी झाली की क्रिकेट खेळावं. सुरुंगाने खड्डे मारले, बाहेरून डंपरने माती आणून टाकली. आणि गेल्या जूनमध्ये पहिल्या चार सरींत ती माती गेली खाली चुलत्यांच्या दाढीत, म्हणजे भाताची रोपं करतात त्या वाफ्यात. अख्खा तरवा (भाताची रोपं) लाल चिखलात गाडला गेला, विहिरीचं पाणी आठ दिवस चहासारखं. काका तेव्हापासून बोलत नाहीत, गणपतीला आरतीला आले तेसुद्धा माझ्याकडे पाठ करून उभे.

त्यात बायकोचं माहेर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं. मेव्हणा परवा आला, सड्यावर घेऊन गेलो तर हसायला लागला. म्हणे, दाजी, आम्हाला वर्षभर पुरवून खावा लागतो तेवढा पाऊस तुमच्याकडं एका आठवड्यात पडतो, आणि तरी तुमचा सडा आमच्या माळापेक्षा उघडा, हे कसलं कोकण.

आता मला खरंच समजून घ्यायचंय. पाऊस जास्त म्हणजे झाडोरा जास्त आणि धूप कमी, की पाऊस जास्त म्हणजे धूप जास्त? आणि यंदा मृग लागायच्या आधी मी काय करू? पंचवीसेक दिवस हातात आहेत. उपदेश चालेल, शिव्या पण चालतील.

मालवणी_कार्टो · १४ मे, रात्री १०:४१

सड्यार कलमां? माझो आजो सांगी, सड्यार दिवसा गुरां आणि रात्री देवचार, तिसऱ्यान थय जावचा नाय.

मातीमास्तर · १४ मे, रात्री ११:५५

सडेकर, प्रश्न फार चांगला विचारलात, झोप उडवलीत. तीस वर्षं शेतीशाळेत हेच शिकवलंय, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

१९५८ साली अमेरिकेत लँगबाइन आणि शुम या दोघांनी वेगवेगळ्या हवामानातल्या नद्यांचा आणि धरणांत साठलेला गाळ मोजून एक आलेख काढला. आडव्या रेघेवर पाऊस, उभ्या रेघेवर गाळ. आपल्याला वाटेल की पाऊस वाढला की गाळ वाढत जाईल. तसं नाही निघालं. अगदी वाळवंटात गाळ कमी, कारण वाहून न्यायला पाणीच नाही. मग पाऊस वाढतो तसा गाळ वाढतो आणि साधारण ३०० मिमीच्या आसपास शिखर गाठतो. तिथून पुढे पाऊस वाढतो आणि गाळ उतरायला लागतो, कारण आता गवत धरायला लागलं, पुढे झाडं. म्हणजे सगळ्यात जास्त माती जाते ती ना वाळवंटात ना जंगलात, ती जाते मधल्या मुलखात, जिथे पाणी माती नेण्याइतकं आहे पण झाडोरा माती धरण्याइतका नाही.

आता तुम्ही म्हणाल आमचा ३००० मिमी, आम्ही त्या आलेखाच्या पार उजवीकडे, आम्हाला काय काळजी. तिथेच मेख आहे. तो आलेख वर्षाच्या बेरजेवर काढलेला. कोकणातला पाऊस चार महिन्यांत पडतो आणि आठ महिने टिपूस नाही. मोसमी पावसाच्या मुलखात हा आलेख पुढे पुन्हा वर चढतो असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. आठ महिने सुकून, वणव्यात जळून, गुरांनी खाऊन जमीन बोडकी होते आणि मग मृगाचा पहिला तडाखा बसतो तो त्या बोडक्या जमिनीवर. गवत हिरवं व्हायला पुढे दोन-तीन आठवडे लागतात. तुमची माती जुलैच्या संततधारेत गेली नसणार, ती त्या पहिल्या पंधरवड्यात गेली. तुम्हीच लिहिलंय, पहिल्या चार सरींत.

माणात काय वेगळं आहे? तिथे वर्षभर मृगाचा पहिला आठवडाच चालू असतो असं समजा. जमीन कधीच पुरती झाकली जात नाही.

माणदेशी_गडी · १५ मे, सकाळी ६:१०

मास्तर एक नंबर बोललासा. आमच्याकडं पाऊस पडतो म्हणजे काय, जून कोरडा, जुलैत भुरभुर, आणि सप्टेंबरात एखाद्या संध्याकाळी वळवासारखा असा धुवांधार की तासाभरात ओढा दुथडी. सकाळी बघावं तर ओढा कोरडा आणि बांधाला भगदाड. वर्षाच्या पावसातला चांगला वाटा अशा दोन-तीन संध्याकाळीच पडून जातो.

पण एक शंका. पाऊस आमच्याकडं ४५०-५०० आहे, तुमच्या शिखराच्या आकड्याच्या पुढं. मग आमचा माळ का फाटलाय?

मातीमास्तर · १५ मे, सकाळी ७:३०

कारण आकाशातून पडलेलं पाणी आणि झाडाला मिळालेलं पाणी यात फरक असतो. आपल्या पठारावर वर्षभराचं ऊन-वारा मिळून दीड हजार मिमीच्याही वर पाणी उडवून नेऊ शकतात. पाऊस भागिले ही उडवायची ताकद असा भागाकार करतात आणि तो ०.६५ च्या खाली आला की तो कोरडा प्रदेश. ०.२ ते ०.५ म्हणजे निमकोरडा, माण-खटाव-सांगोला यातच बसतात. जगाची साधारण ४० टक्के जमीन अशा कोरड्या पट्ट्यात येते, नुसतं सहारा-राजस्थान नाही. लँगबाइन-शुमचे आकडेही गारव्याचा हिशोब करून केलेले होते. तुमचे ५०० मिमी थंड मुलखातल्या कितीतरी कमी पावसासारखे वागतात.

मुंबैकर_वाडीतला · १५ मे, सकाळी ९:०५

मस्त माहिती. पण उपाय सोपा नाहीये का? आम्ही मुंबईतले वाडीतले तरुण दर जूनला बीजगोळे टाकायला येतो, ह्या वर्षी सडेकरांच्या सड्यावर टाकू. पाच हजार बीजगोळे, वड पिंपळ करंज बहावा. झाडं लावली की माती धरली. हाय काय नाय काय.

कातळफूल · १५ मे, सकाळी ९:४८

नको नको नको. मुंबैकर राग मानू नका, पण सडा म्हणजे रिकामी जागा ही समजूत आधी काढून टाका.

मी गेली बारा वर्षं पावसाळ्यात सड्यावर गुडघ्यावर बसून फिरते (नवरा म्हणतो नवस फेडतेय). जांभ्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे नखभर. पाऊस कितीही पडो, ही माती पाणी धरणार किती? बशीत घागर ओतली तरी बशीत बशीभरच राहतं. जूनमध्ये तिथे दलदल असते आणि पाऊस संपला की आठवड्या-दोन आठवड्यांत खडखडीत, दुपारी कातळावर अनवाणी पाय ठेवून दाखवा. म्हणजे झाडाच्या दृष्टीने तिथे चार महिने तळं आणि आठ महिने वाळवंट. वड-पिंपळ एखाद्या भेगेत रुजेल, बाकी पाच हजार गोळे एप्रिलपर्यंत वाळतील.

तिथे जगतं ते आपलं वेळापत्रक आखून जगतं. पहिल्या पावसाला दीपकाडी, तिचा कांदा उन्हाळाभर कातळाच्या फटीत झोपलेला असतो, आणि ती कोकणपट्टी सोडून जगात कुठे नाही. मग सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. सीतेची आसवं नि दवबिंदू तर किडे खातात, कारण मातीत नत्र नाहीच. ऑगस्ट-सप्टेंबरात सडा निळा-पांढरा-पिवळा होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते बुटकं गवत, जे कुणाच्या फोटोत येत नाही. त्याच्या मुळांची जाळी ती बोटभर माती धरून ठेवते. सडेकर, तुम्ही जेसीबीने काढलंत ते हे.

आणि ते खोलगट भाग जे तुम्ही "भरून घेतले", तिथेच वरून वाहिलेली माती थांबायची, पाणी थांबायचं. बरं, खरवडताना कातळावर काही कोरलेलं दिसलं नाही ना? राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली ती ठिकाणं गेलीत. जेसीबीच्या बकेटला कोरलेला हत्ती आणि साधा दगड सारखाच.

सडेकर_राजापूर · १५ मे, दुपारी १:१५

नाही हो ताई, तेवढं पाप नाही केलं, आधी भावकीतल्या जाणत्या माणसाला फिरवून आणलं होतं. पण खोलगट भागाचं वाचून पोटात कालवलं. आजी त्याला "शिवाराची वाटी" म्हणायची, दिवाळीपर्यंत तिथे हिरवं असायचं. मी त्या वाटीत चार डंपर चिऱ्याची खपली टाकलीय.

पोकलेनवाला · १५ मे, दुपारी २:३०

सगळे जेसीबीवाल्याच्या नावानं बोटं मोडतायत म्हणून लिहितो. देवगड-रत्नागिरीत कातळ फोडून माती भरून बागा झाल्या नसत्या तर हापूस कुणी खाल्ला असता? कातळावरच्या हापूसचा स्वाद वेगळा हे तुम्हीच सांगता. मशीन मालक सांगेल तिथे चालते. मी दहापैकी आठ जणांना सांगतो की उतारावर आडवं काम करूया, वरची माती बाजूला ढीग मारून ठेवूया, शेवटी परत पसरूया. त्याला तास जास्त लागतात. मालक म्हणतो तास वाचव. वाचवले. आता माती गेली तर मशीन वाईट.

मातीमास्तर · १५ मे, दुपारी ४:००

पोकलेनवाल्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि ढीग मारून परत पसरायचा मुद्दा सोन्यासारखा.

जांभ्याबद्दल एक सांगायला हवं, कारण सड्याची गंमत त्यातच आहे. १८०७ साली बुकानन नावाच्या स्कॉटिश सर्जनने मलबारातल्या दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये later म्हणजे वीट, कारण तिथले लोक तो जमिनीतून मऊ असताना कापायचे आणि हवा लागली की तो विटेसारखा टणक व्हायचा. आपली चिरेखाण तीच. लाखो वर्षांच्या ओल-सुकीत पावसाने सिलिका धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्याचं कवच झालं. या कवचावर धूप जवळजवळ होत नाही, ते स्वतःच ढाल आहे. पण कवचाच्या खाली पांढरट-गुलाबी मऊ थर असतो, विहीर खणताना लागतो तो. तो उघडा पडला की लोण्यासारखा कापला जातो. सड्याच्या कडेला रस्ता कापला की घळी पडतात त्या या थरात. तेव्हा सड्याच्या माथ्यावर एक चूक कमी महाग, सड्याच्या धारेवर तीच चूक फार महाग. सडेकर, तुमचा तुकडा धारेपासून किती लांब?

(लॅटिन शब्द मोबाइलने इंग्रजी अक्षरात उमटवला, "लाटेर" असं वाचा.)

मालवणी_कार्टो · १५ मे, संध्याकाळी ५:१२

मास्तरांचो मोबाईल पण सड्यार चढलो.

माणदेशी_गडी · १५ मे, रात्री ८:४०

जमिनीवरून आठवलं, आमच्याकडं एक उलटं गणित हाय ते मास्तरांनी सोडवावं. गावाखाली काळं रान, गावावर मुरमाड खडी रान. कुणीही म्हणंल काळं रान भारी. पण दुष्काळी साली बघा, २०-२५ मिमीचा पाऊस झाला की काळ्या रानात वरची वीतभर माती चिकट होती आणि चार दिवसात ऊन ती ओल पिऊन टाकतं, भेगा पडत्यात. मुरमाडात तेवढाच पाऊस सरळ खाली उतरतो, आणि तिथली बोर, हिवर, कुसळी गवत हिरवं राहतं. चांगल्या साली मात्र काळं रान काळंच, एकदा पोटभर भिजलं की नुसत्या ओलीवर आणि दवावर शाळू निघतो.

मातीमास्तर · १५ मे, रात्री ९:२५

वा. तुम्ही जे मेंढरांमागे फिरून पाहिलंत ते १९७३ साली नॉय-मेअर या इस्रायली शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं. ओल्या मुलखात चिकणमाती सरस कारण ती पाणी धरते. कोरड्या मुलखात वाळू-मुरूम सरस, कारण पाणी पटकन खोल जातं आणि उन्हाच्या हाताला लागत नाही. तीच माती, हवामान बदललं की सावत्र आईची सख्खी होते.

म्हणून "कुठली माती चांगली" हा प्रश्न अर्धाच आहे. किती पाऊस, कसा पाऊस, किती खोल माती, किती ऊन, हे एकत्र धरल्याशिवाय उत्तर नाही.

मुंबैकर_वाडीतला · १५ मे, रात्री १०:०२

मी बीजगोळे मागे घेतो :) पण मग झाडं माती धरतात हे शाळेत शिकवलेलं खोटं?

कलमवाली_देवगड · १५ मे, रात्री १०:५०

मी सांगते माझ्यावर झालेलं. आमची जुनी बाग, सासऱ्यांच्या हातची कलमं, प्रत्येक कलमाभोवती उताराच्या बाजूने दगडी गडग्याचं अर्धं कडं. सासरे असेपर्यंत कलमांखाली पातेरा (गळलेला पाला) पडून असायचा, गवत कापायचे पण उपटायचे नाहीत. नंतर मजूर मिळेनात म्हणून आम्ही तणनाशक सुरू केलं. दोन वर्षांत बाग अशी स्वच्छ दिसायला लागली की पाहुणे म्हणायचे, किती निगा ठेवलीय! वर झाडांचं छप्पर दाट, खाली अंगणासारखं लख्ख.

तिसऱ्या वर्षी पावसात छत्री घेऊन बागेत उभी होते. बाहेर पाऊस बारीक होता पण कलमाखाली मोठे मोठे थेंब टपटप पडत होते, पानांच्या टोकांवर पाणी जमून जमून. आणि प्रत्येक थेंबाखाली मातीत छोटा खळगा, खळग्याच्या मध्ये एखादा खडा असेल तर तो खडा उंच खांबावर बसल्यासारखा उरलेला, कारण त्याच्या खालची माती तेवढी वाचली, बाजूची गेली. एका कलमाखाली मी असे तीस-चाळीस खांब मोजले. मुळं उघडी पडायला लागली होती. तेव्हा कळलं की झाड होतं, सावली होती, पण माती धरायला कोणी नव्हतं.

तणनाशक बंद केलं. आता गवत कटरने वीतभर ठेवून कापतो आणि पातेरा जाळत नाही. पाहुणे म्हणतात बाग रानटी दिसते. दिसू दे.

मातीमास्तर · १५ मे, रात्री ११:३५

मुंबैकर, तुमचं उत्तर देवगडच्या ताईंनी दिलं, मी फक्त शेपूट जोडतो. माती धरायचं काम जमिनीला टेकलेली गोष्ट करते: गवत, पातेरा, गोटे, मूळ. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो आणि उघड्या मातीवर आपटला की कण उडतात, बारीक कण छिद्रांत बसून वर पापुद्रा तयार होतो. पापुद्रा झाला की पाणी मुरत नाही, वाहतं. धूप इथे सुरू होते, ओढ्यात नाही. उंच झाडावरून पडणारा थेंब पुन्हा तोच वेग घेतो. सागाचं पान तर मोठं, त्यावर पाणी जमून टपोरा थेंब होतो. सागाच्या लागवडीत खालचा पातेरा वणव्यात जळला तर साग असूनही माती जाते, हे बऱ्याच ठिकाणी मोजलं गेलंय.

दुसरी बाजू अशी की फार झाकायचीही गरज नाही. जमिनीचा तिसरा हिस्सा जरी जमिनीलगत झाकला तरी धूप झपाट्याने उतरते. पहिला थोडा झाकोळा सगळ्यात जास्त काम करतो, शेवटचा थोडा फारसा नाही.

निळी_छत्री · १६ मे, सकाळी ८:१५

मधेच घुसते. तळीये, दरडी, २०२१ चा चिपळूणचा पूर, वाशिष्ठीतला गाळ, हे सगळं यातच येतं का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्याला एकच उत्तर असतं, "झाडं तोडली".

मातीमास्तर · १६ मे, सकाळी ९:००

दरड वेगळी. दरडीत पाणी खोल मुरून आख्खा उतार आतून जड आणि निसरडा होतो नि एकदम सुटतो, तिथे जास्त मुरणं हाच धोका. आपण बोलतोय ती थरथर जाणारी धूप, जिथे कमी मुरणं हा धोका. गाळात दोन्हींचा वाटा असतो. एकाच औषधाने दोन्ही रोग बरे करायला जाऊ नये, उलट दरडीच्या उतारावर चर खणून पाणी मुरवलं तर अनर्थ.

माणदेशी_गडी · १६ मे, दुपारी १२:२०

आमच्याकडं १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधबंदिस्ती झाली, आमची आजी त्या कामावर खडी फोडायला होती. बांध चांगलेच, पण बांध पाणी अडवतो, माळ झाकत न्हाई. हिवरे बाजार, राळेगणसिद्धीला पण चर-बंधाऱ्याच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तेव्हा गुण आला. आमच्या गावात चर खणले, चराई चालूच, चार वर्षांत चर गाळानं भरले. आता तिथं वेड्या बाभळी.

आणखी एक, आमचा आजा शेतातले सगळे गोटे कधीच वेचू देत नव्हता. मोठे बांधाला, बारके रानात. म्हणायचा गोटा पाणी पितो. आता कळलं त्याखालची ओल उडत न्हाई आणि थेंब गोट्यावर फुटतो.

कातळफूल · १६ मे, दुपारी १:४०

माणदेशी दादा, झुडपांबद्दल. तुमच्या माळावर झाडोरा पसरलेला नसतो, बेटंबेटं असतो ना? एक बोरीची जाळी, मग उघडी जमीन, मग दुसरी जाळी. कोरड्या भागात तो दोष नव्हे, ती सोय असते. उघड्या जागेवरचं पाणी वाहत जाळीत येतं, सोबत माती, बी, लेंड्या आणतं. आफ्रिकेत नायजर देशात विमानातून बघितलं तर झुडपांचे पट्टे वाघाच्या अंगावरच्यासारखे दिसतात, पट्टा-उघडं-पट्टा-उघडं, उताराला आडवे. वरची उघडी पट्टी खालच्या झुडपाची पाणलोट असते. तिथे सगळीकडे सारखी लागवड करायला गेलात तर कुणालाच पुरत नाही.

बिघडतं कधी, तर बेटं इतकी विरळ होतात की मधलं वाहतं पाणी अडतच नाही, सरळ ओढ्याला लागतं. तिथून माघारी येणं कठीण.

माणदेशी_गडी · १६ मे, दुपारी २:०५

माघारी येतं पण. बुर्किना फासोच्या याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याचं वाचलंय, २०१८ ला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला होता त्याला, २०२३ ला वारला. टणक पापुद्रा धरलेल्या पडीक रानात उन्हाळ्यात वीतभर रुंद खड्डे, त्यात शेणखत, आणि खत खायला वाळवी आली की ती जमिनीला भोकं पाडणार, त्यातनं पाणी खाली. आपण वाळवीला औषध मारतो, तो वाळवीला जेवायला बोलवायचा.

सडेकर_राजापूर · १६ मे, रात्री ९:३०

आणि मी दोन वारुळं जेसीबीने सपाट केली.

मास्तर, धारेपासून माझा तुकडा शंभर पावलं, आणि मधे उतार काकांच्या शेताकडे. एक हिशोब सांगा, किती माती गेली असेल? काकांना तोंड दाखवायचं तर आकडा हवा.

मातीमास्तर · १६ मे, रात्री १०:१०

किती गेली ते मी इथून सांगणार नाही, पण माप देतो. एका गुंठ्यावरून एक मिलिमीटर जाडीची माती गेली तर साधारण १३० किलो, म्हणजे सिमेंटच्या अडीच गोण्या. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डांची छोटीशी चळत, डोळ्यांना दिसतही नाही, आणि तरी जवळजवळ आठ टन. पाण्याचं उलट माप: एका गुंठ्यावर एक मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर. राजापुरात दिवसाला १०० मिमी काही नवल नाही, म्हणजे प्रत्येक गुंठ्यावर दहा हजार लिटरचा एक टँकर, तुमच्या तुकड्यावर साठ टँकर एका दिवसात. मुरायला जागा नसेल तर ते सगळे टँकर काकांच्या दाढीत.

वीस दिवसांत एवढंच करा. नवीन काही खणू नका. ती वाटी भरलीत त्यातली खपली निघेल तेवढी काढून उताराला आडवा गडगा रचा, चुन्या-सिमेंटशिवाय, म्हणजे पाणी झिरपेल आणि माती अडेल. धारेच्या बाजूने वाळ्याचे ठोंब ओळीने, वीतभर अंतरावर, पहिला पाऊस पडून माती भिजली की लगेच. कलमांच्या आळ्यात पातेरा आणि पेंढा जाड. आणि बाजूच्या न खरवडलेल्या सड्यावरचं गवत यंदा कापू नका, जाळू नका, त्याचं बी वाऱ्याने आपोआप येईल. कातळफूल ताई, बरोबर ना?

कातळफूल · १६ मे, रात्री १०:२२

बरोबर. बाहेरचं गवताचं बी मात्र आणू नका, आणि "जमीन पडीक आहे" म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ तर अजिबात नको.

पोकलेनवाला · १६ मे, रात्री १०:४५

खपली काढायला मिनी मशीन लावा, मोठं नको, दाब पडून जमीन आणखी बसते. तीन तासांचं काम आहे. गडगा हातानेच.

सडेकर_राजापूर · ११ जून, रात्री ९:०५

अपडेट. उशीर झाला, वीज नव्हती.

गडगा झाला, अडीच फूट उंच, सत्तर फूट लांब. चौघं होतो, चौथा माणूस काका. मी बोलावलं नव्हतं. खपली वाहताना बघत बसले होते बांधावर, मग उठून आले आणि म्हणाले, दगड असा नाय बसवायचा, मोठं तोंड आत. पुढचे दोन दिवस तेच रचत होते, आम्ही फक्त दगड देत होतो.

परवा रात्री पहिला मोठा पाऊस. पहाटे बॅटरी घेऊन गेलो. पंपाच्या खोलीच्या भिंतीला एप्रिलमध्ये चुना मारला होता. खोलीची एक बाजू खरवडलेल्या जागेकडे, दुसरी जुन्या गवताकडे. खरवडलेल्या बाजूला पांढऱ्या भिंतीवर लाल शिंतोडे थेट माझ्या गुडघ्याच्या वर. गवताच्या बाजूला घोट्याखाली चार-दोन ठिपके. एकच पाऊस, एकच भिंत. मास्तर, तुमचा थेंबाचा वेग मी भिंतीवर वाचला.

गडग्याच्या वरच्या अंगाला पहिल्याच रात्री चार बोटं गाळ साठलाय. गडग्यातून पाणी झिरपतंय ते गढूळच आहे, पण चहा नाही, फार तर ताक-चहाच्या मधलं काहीतरी. दाढीत थोडा लाल पट्टा गेला, तरवा उभा आहे. वारुळ मात्र अजून काही परत आलं नाही.

वाळ्याचे ठोंब दोनशे मिळाले, मला अजून तीनशे हवेत. लांजा-राजापूर पट्ट्यात कुणाकडे आहेत का? रोख देईन, वाहतूक माझी.

कलमवाली_देवगड · ११ जून, रात्री ९:४०

शंभर माझ्याकडे. पैसे नकोत, एक पेटी आंबा द्या तुमची कलमं धरतील तेव्हा.

मालवणी_कार्टो · ११ जून, रात्री ९:५२

म्हणजे धा वर्सांनी. ताईनू, लिवन घेवा तेच्याकडसून.